मावळा तीन इंची, पण कुठून कुठपर्यंत?

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



काही कानडी सहकारीही आज आवर्जून आले आहेत, त्यांच्यासाठी जरा सावकाश बोलेन.

मी काही वक्ता नाही. आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डापुढे उभा राहिलेला ड्राफ्ट्समन. १९७८ साली खानापूर तालुक्यातून मैसूरला आलो. मामांचं इथेच, मंडी मोहल्ल्यात, गलाईचं दुकान होतं. दुकानाच्या माळ्यावर राहून मी कारखान्यात नोकरी केली. मामा सोनं गाळायचे, मी रेघा मारायचो. मामा म्हणायचे, "तुझं बरं आहे, तुझी रेघ चुकली तर खोडरबर आहे, माझं सोनं उडालं तर उडालं." गेल्या वर्षी माझी एक रेघ अशी चुकली की खोडरबर चाललं नाही. आज त्याच विषयावर बोलायचं ठरवलं आहे. विषय आहे लहान सैनिकांची मापं, म्हणजे आपल्या किल्ल्यावरचे मावळे, दसऱ्याच्या गोंब्यांमधले शिपाई, आणि परदेशात लोक छंद म्हणून जमवतात ते शिशाचे आणि प्लॅस्टिकचे सैनिक.

२०२४ साली शिवराज्याभिषेकाला ३५० वर्षं झाली. ६ जून १६७४ चा तो सोहळा. म्हणून गेल्या वर्षी आपण गणपतीपुढे रायगडाचा देखावा करायचं ठरवलं. नगारखान्याचा दरवाजा, आत राजसभा, सिंहासन, बाहेर मावळे, घोडेस्वार आणि हत्ती. आराखड्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट असं प्रमाण मी धरलं, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्श्याचं. दरवाजाची कमान बारा फूट धरली, ती झाली सहा इंच. माणूस पगडीसकट सहा फूट, तो झाला तीन इंच. मी एका चिठ्ठीवर लिहिलं, "मावळे १२०, तीन इंची. साठ तलवारवाले, तीस भालेवाले, तीस घोडेस्वार." चिठ्ठी आपल्या एका तरुण कार्यकर्त्याच्या हातात दिली. त्यानं गावाकडे फोन करून मागणी नोंदवली.

खोकी चतुर्थीच्या चार दिवस आधी आली. उघडली, आणि मी कपाळावर हात मारला.

सगळे मावळे तीन इंचीच होते. अगदी पट्टी लावून तीन इंच. तलवारवाला पगडीच्या टोकापर्यंत तीन इंच. भालेवाला भाल्याच्या टोकापर्यंत तीन इंच. आणि घोडेस्वार, घोड्याच्या खुरापासून स्वाराच्या पगडीपर्यंत तीन इंच! आता हिशोब करा. घोड्यावर बसलेला माणूस जमिनीपासून आठ फूट तरी उंच भरतो. आठ फूट तीन इंचांत बसवले की तो झाला बत्तिसाव्या हिश्श्याचा. शेजारचा तलवारवाला चोविसाव्या हिश्श्याचा. घोड्याची पाठ जेमतेम पावणेदोन इंचांवर, म्हणजे पायी चालणाऱ्या मावळ्याच्या कमरेच्या थोडी वर. एक लहान मुलगी म्हणाली, "आजोबा, हे लोक शेळीवर का बसलेत?"

त्यात हत्तींची भर. हत्ती आपण इथेच घेतले, दसऱ्याच्या बाहुल्यांच्या दुकानातून. सुंदर काम, झूल, अंबारी, सगळं. पण अंबारीच्या कळसापर्यंत उंची नऊ इंच. आपल्याला हत्ती नवीन नाही. दर दसऱ्याला ७५० किलोची अंबारी घेऊन तो सय्याजीराव रस्त्यानं आपल्या मोहल्ल्याच्या कडेनं जातो, आपण लेकरांना खांद्यावर घेऊन बघतो. हत्ती नऊ फूट आणि अंबारी चार फूट धरली तर तेरा फूट. म्हणजे आपला खेळण्यातला हत्ती खऱ्याच्या सतराव्या हिश्श्याचा. दरवाजा सहा इंची, हत्ती नऊ इंची, मावळे दोन जातींचे. एका फळीवर तीन वेगवेगळ्या दुनिया.

तेव्हा मी जे केलं ते सांगायला मला आजही संकोच वाटतो. मी त्या मुलाला सर्वांसमोर बोललो. "एवढं साधं माप सांगता येत नाही का? शिकलेला आहेस ना?" असं आणि आणखीही बरंच. तो काही बोलला नाही. खिशातून माझीच चिठ्ठी काढून त्यानं टेबलावर ठेवली आणि पुढची खोकी फोडायला गेला. चिठ्ठीवर माझं अक्षर, "तीन इंची."

चाळीस वर्षं मी ड्रॉइंगं काढली. मापाची रेघ काढली की तिच्या दोन्ही टोकांना बाण काढायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. बाण सांगतो की माप इथून इथपर्यंत. बाणाविना आकडा लिहिलेलं ड्रॉइंग माझ्याकडे कुणी आणलं असतं तर मी ते परत फेकलं असतं. आणि मी स्वतः एका ओळीत तीन आकृत्यांचं एकच माप लिहून मोकळा झालो, एकही बाण न काढता. तुम्ही सोन्यातली माणसं आहात. कुणी "दहा ग्रॅम सोनं" म्हटलं की तुम्ही आधी विचारता, टंच किती? माझी चिठ्ठी म्हणजे टंच न सांगता सोनं मागण्यासारखं होतं. त्या साचेवाल्याचीही चूक नव्हती. खोकं एकाच उंचीचं करायचं तर साचेही एका उंचीचे, हा त्याचा व्यवहार. सगळीकडे तसंच चालतं.

ही चूक झाल्यानंतर मी या विषयाचा पिच्छा पुरवला. नातवानं मदत केली, काही पुस्तकं मिळवली. तेव्हा कळलं की या घोळात आपण एकटे नाही. अख्खं जग सव्वाशे वर्षं यात अडकलं आहे.

१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्यानं पोकळ शिशाचे सैनिक ओतायला सुरुवात केली. भरीव ओतकामापेक्षा धातू कमी लागे, म्हणून स्वस्त. आपल्या गलाईवाल्यांना सांगायला नको, साच्यात धातू ओतला की साच्याला लागून असलेला भाग आधी थिजतो, आतला पातळ राहतो, तो झटकन बाहेर ओतून टाकायचा, आत पोकळी राहते. या सैनिकाची उंची त्यांनी ५४ मिलिमीटर ठेवली. का? तर त्या काळी मुलांच्या खेळण्यातल्या रेल्वेचं एक माप रूढ होतं, त्या गाडीशेजारी सैनिक उभा केला तर शोभावा. आता गंमत बघा. ५४ ला ३२ नं गुणा. १७२८ मिलिमीटर, म्हणजे पाच फूट आठ इंच. सरळ धडधाकट माणूस. म्हणून ५४ मिलिमीटर आणि एक बत्तीसांश ही जोडी या छंदात पक्की बसली. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध लेखकानं १९१३ साली 'लिटल वॉर्स' नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात जमिनीवर असे सैनिक मांडून स्प्रिंगच्या तोफेनं लढाई कशी खेळायची याचे नियम आहेत. मोठा माणूस, पण लोळून खेळायचा. पुढे शिसं मुलांच्या तब्येतीला वाईट म्हणून १९६६ मध्ये ब्रिटनमध्ये शिशाची खेळणी बंद झाली आणि प्लॅस्टिकचं राज्य आलं.

बालमित्रांनो, इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एक बत्तीसांश आणि एक बहात्तरांश यांत मोठा सैनिक कोणता? आकडा मोठा म्हणून बहात्तर म्हणाल तर फसाल. भाकरी बत्तीस जणांत वाटली तर तुकडा मोठा मिळेल की बहात्तर जणांत? बहात्तरांशाचा सैनिक जेमतेम २४ मिलिमीटरचा, बोटाच्या पेराएवढा. एअरफिक्स कंपनीनं १९५९ पासून असे चिमुकले सैनिक खोक्यांत भरून विकले.

मग जपानच्या तामिया कंपनीचं माप, एक पस्तीसांश. हे कुठून आलं असेल? मला वाटलं, काहीतरी शास्त्र असेल. तसं काही नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पँथर रणगाड्याचं मोटारीवर चालणारं मॉडेल केलं. आत दोन बॅटऱ्या बसल्या पाहिजेत, म्हणून रणगाडा तेवढा मोठा केला. तो लोकांना आवडला. पुढचे रणगाडे त्याच मापाचे करू म्हणून मोजून पाहिलं तर प्रमाण निघालं एक पस्तीसांश. बॅटरीवरून ठरलेलं माप आज जगभर चालतं. आमच्या कारखान्यातही अशी काही मापं होती, ज्यांचं कारण विचारलं की जुने फोरमन नुसते हसायचे.

आता माझ्या चुकीच्या जवळ येतो. टेबलावर लढाया खेळणारे लोक सैनिकाला "२८ मिलिमीटर" म्हणतात. पण २८ कुठून कुठपर्यंत? कुणी तळपायापासून डोक्याच्या टोकापर्यंत मोजतो, कुणी तळपायापासून डोळ्यांपर्यंत. डोळ्यांपर्यंत का? कारण सैनिकाच्या डोक्यावर काहीतरी असतंच. कुणाची टोपी, कुणाचं शिरस्त्राण, कुणाचा तुरा. डोकं कुठे संपतं ते दिसत नाही, डोळे मात्र दिसतात. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक खाली ठेवलं. आपल्या पगडीचा प्रश्न विलायतेतल्या लोकांनी डोळ्यांपर्यंत मोजून सोडवला होता. अर्थात सगळ्यांनी तो एकाच रीतीनं सोडवला नाही, त्यामुळे दोन कंपन्यांचे अठ्ठावीसवाले शेजारी उभे केले की एक दुसऱ्याचा धाकटा भाऊ दिसतो. त्यात आणखी एक भर. इतक्या लहान आकृतीत चेहरा आणि हात दिसावेत म्हणून ते मुद्दाम जाडसर करतात. आपले कुंभारही मावळ्याची मिशी आणि डोळे असेच मोठे काढतात. हाताच्या अंतरावरून बघायचं असतं ना.

यावरून माप आणि प्रमाण यांतला फरक कळतो. आपल्या समोर बाप्पा बसले आहेत. शिल्पशास्त्रात मूर्ती तालात मोजतात. ताल म्हणजे मूर्तीच्याच चेहऱ्याची लांबी, तिचे बारा अंगुळं भाग. देवांच्या मूर्ती नऊ तालांच्या, त्याहून थोरल्या दहा तालांच्याही सांगितल्या आहेत. गणपती मात्र पाच तालांचा. म्हणून तो असा ठेंगणा, गोंडस. घरातला नऊ इंचांचा शाडूचा गणपती असो की मंडळाचा पाच फुटी, चेहऱ्याच्या पाचपट हे प्रमाण तेच. इंच बदलले तरी गणपती गणपतीच दिसतो. शिल्पकाराला पट्टी लागत नाही, मूर्तीच स्वतःची पट्टी असते. फुटपट्टी दुसऱ्याशी तुलना करायची असली की लागते. माणूस दरवाजाशेजारी उभा राहिला, घोडा माणसाशेजारी आला, की लागते.

आणि आपल्या परंपरेत तुलना मुद्दाम मोडलेलीही आहे. गावाकडे देवळाबाहेर वीरगळ असतात, इथेही वीरगल्लु म्हणून गावोगाव आहेत. त्यावर लढणारा वीर मोठा, शत्रू छोटे. ते शत्रू लांब उभे आहेत म्हणून नव्हे, तर दगड त्या वीराचा आहे म्हणून. श्रीरंगपट्टणला दरिया दौलत बागेत भिंतीवर १७८० च्या पोळीलूरच्या लढाईचं चित्र आहे. शाळेच्या सहली तिथे जातातच. पुढच्या वेळी गेलात की नीट बघा. पालखीत बसलेला इंग्रज सेनापती बेली, फुटलेला दारूचा गाडा, आणि ओळीत ठशासारखे एकसारखे शिपाई. त्यात हैदर आणि टिपू शोधावे लागत नाहीत. आपण लहानपणी दिवाळीत किल्ला करायचो तेव्हाही हेच. माती, दगड, वर पेरलेला आळीव, कुंभाराकडून आणलेली चित्रं. आमच्याकडे मावळ्यांना चित्रंच म्हणायचे. सिंहासनावरचे महाराज बसलेले असूनही उभ्या मावळ्याहून उंच. गुहेतला वाघ तोफेएवढा. गवळण बुरुजाएवढी. कुणाला काही खटकलं नाही. मग गेल्या वर्षी मलाच का खटकलं?

याचं उत्तर शेजारच्या अज्जींनी दिलं. खोकी फोडून आम्ही डोकं धरून बसलो होतो तेव्हा त्या प्रसादाची वाटी घेऊन आल्या. त्यांच्या घरी दर नवरात्रात बाहुल्या मांडतात. वर पट्टद गोंबे, म्हणजे लाकडाचे राजा-राणी, मग देव, मग चन्नपट्टणची खेळणी, खाली बाग आणि दसऱ्याची मिरवणूक. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे सगळी वेगवेगळ्या मापांचीच असतात. पण प्रत्येकाला आपापली पायरी असते. एका पायरीवर भांडण नको." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. त्यांच्या पायऱ्या तीन, पाच, सात, नऊ, अशा विषम. प्रत्येक पायरी म्हणजे एक वेगळं प्रमाण. आपल्या अंगणातल्या किल्ल्यातही तेच होतं, गुहा वेगळी, बुरूज वेगळा, सिंहासन वेगळं. माझा देखावा सपाट फळीवर होता आणि त्यात मी खरा दरवाजा मोजून उभा केला होता. एकदा दरवाजा मोजला की प्रत्येक मावळ्याला त्यातून जाऊन दाखवावं लागतं.

मग रात्रभर खपून आम्ही फळी कापून तीन पायऱ्या केल्या. हत्तींची अंबारी उतरवली आणि त्यांना सर्वांत पुढे, प्रेक्षकांजवळ, दोन बाजूंना उभं केलं. जवळची वस्तू मोठी दिसते, त्यामुळे सतरावा हिस्सा खपून गेला. मधल्या पायरीवर दरवाजा आणि तलवारवाले. घोडेस्वार आणि भालेवाले सर्वांत मागे, वरच्या पायरीवर, डोंगराच्या वाटेनं येताना. लांबून येणारी माणसं लहान दिसायचीच. नाटकाच्या पडद्यावर रस्ता असाच रंगवतात. चतुर्थीला सकाळी जेव्हा दिवे लावले तेव्हा शेळीवरचे स्वार खरोखर लांबून दौडत येत होते.

हत्ती दोन बाजूंना उभे करण्याला एक आधारही मिळाला, हे नंतर कळलं. राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. राजवाड्याच्या दरवाजाशी दोन बाजूंना दोन लहान हत्ती उभे असल्याचं त्यानं लिहून ठेवलं आहे, आणि इतक्या अवघड वाटेनं हे हत्ती वर आणले तरी कसे, याचं त्याला नवल वाटलं. लहान होते तेव्हाच वर नेले असं आपल्याकडे सांगतात. उत्सवात दहा दिवस मी देखाव्याशेजारी उभा होतो. किती मुलांनी मला तोच प्रश्न विचारला, "काका, हत्ती वर कसा चढला?" ३५० वर्षांनी आपल्या मंडी मोहल्ल्यात तोच प्रश्न. दरवाजातून हत्ती जाईल का, हे मात्र एकानंही विचारलं नाही. अज्जींची पायरी कामाला आली.

आता राहिला तो मुलगा. देखाव्याला लोकांनी नावाजलं, माझा सत्कारही झाला, शाल-श्रीफळ मिळालं. त्या गडबडीत मी त्याला बोललेलं परत घेतलं नाही. तो रात्रभर करवत चालवत होता, त्याच्या तळहाताला फोड आले होते, ते मी पाहिले होते. तरी नाही. मनात म्हटलं, पोरगा आहे, विसरेल. तो विसरला असेलही. पण त्याला बोललो होतो सर्वांसमोर, तेव्हा हेही सर्वांसमोरच सांगायला हवं. बाळा, तू सांगितलेलं माप बरोबर होतं, माझी चिठ्ठी अपुरी होती. तू इथेच मागे खांबाला टेकून उभा आहेस, मला दिसतो आहेस.

यंदाच्या मागणीची चिठ्ठी त्यानंच लिहिली आहे. मी फक्त वाचली. एका कागदावर उभा मावळा, भालेवाला आणि घोडेस्वार असे तिघे काढले आहेत. तळपायापासून डोळ्यांपर्यंत बाणांची रेघ, उभ्या माणसाचे पावणेतीन इंच. भाला वेगळा, पगडी वेगळी, खालची बैठक वेगळी. घोड्याच्या पाठीची उंची स्वतंत्र. चित्र काही खास नाही, घोडा जरा गाढवासारखा आला आहे, पण बाण सगळे जागेवर आहेत. साचेवाल्यानं फोनवर विचारलं म्हणे, "हे कुणी इंजिनिअरनं काढलंय का?"

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी बऱ्याच घरांत गावाकडून आणलेली मातीची जुनी चित्रं ट्रंकेत पडून आहेत. माझ्याकडेही एक तोफवाला आहे, हात मोडलेला, मामांनी माझ्या मुलासाठी आणलेला. दिवाळीत मंडळाच्या अंगणात किल्ला करायचा आहे, तेव्हा ही सगळी घेऊन या. कितीही लहान-मोठी असोत, पायऱ्या भरपूर करू. अज्जींनाही बोलावलं आहे, मांडणी त्या सांगतील. मोजायची पट्टी मी आणतो.

गणपती बाप्पा मोरया!